‘गंगंच्या पान्याला’ १४ गुण कापणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
संयोजक आणि परीक्षक,
विभागीय शालेय समूहगीत स्पर्धा

स. न. वि. वि.

गेल्या डिसेंबरात तुमच्या स्पर्धेत आमची २४ लेकरं गायली. निकालानंतर गुणपत्रक हातात आलं. सूर, ताल, सादरीकरण या रकान्यांबद्दल माझी काही तक्रार नाही, तिथं आमच्या पदरात पडले ते आमच्या तयारीचे गुण होते. ‘उच्चार’ या रकान्यात मात्र २० पैकी ६ होते आणि पुढं शेरा होता, ‘ग्रामीण उच्चार. सुधारणा आवश्यक.’

मी तुम्हाला दोन पत्रं पाठवली, एक टपालानं आणि एक ईमेलवर. उत्तर आलं नाही. आलं ते पुढच्या वर्षीचं परिपत्रक. त्यात उच्चाराचे गुण २० चे ३० केले आहेत आणि प्रत्येक गीताचं नमुना ध्वनिमुद्रण शाळांना पाठवलं जाईल, ‘उच्चार त्यानुसारच असावेत’, असं लिहिलं आहे. लोकगीत विभागालाही हाच नियम आहे. त्यामुळे आता हे सगळ्यांसमोर बोलणं भाग पडलं.

मी गंगाखेड तालुक्यात, गोदावरीच्या काठावरच्या एका जिल्हा परिषद शाळेत मराठी शिकवते. आमच्याकडं संगीत शिक्षकाचं पद नाही. पेटी माझी स्वतःची आहे, ढोलकी आठवीतला एक मुलगा वाजवतो आणि तालीम शाळा सुटल्यावर वऱ्हांड्यात होते. स्पर्धेला आम्ही दोन क्रूझर करून आलो होतो. लेकरं पहाटे तीनला उठली होती.

लोकगीत म्हणून आम्ही जात्यावरच्या ओव्या निवडल्या. त्या छापील पुस्तकातून घेतलेल्या नव्हत्या. आमच्या सातवीतल्या एका मुलीचे आईबाप दसरा झाला की ऊसतोडीला जातात आणि ती आजीजवळ राहते. ओव्या त्या आजीच्या. मी मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतल्या, वहीत उतरवल्या आणि वृंदासाठी बसवल्या. पहिल्या ओवीची सुरुवात अशी आहे: ‘गंगंच्या पान्याला गं, येळ झाली जायाला.’ आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात, हे तुम्हाला सांगायला नको.

तालमीच्या पहिल्या आठवड्यात जे झालं ते मला तपशिलात सांगायचं आहे, कारण सगळा वाद तिथंच आहे. ‘गंगंच्या’ या शब्दातला दुसरा ‘गं’ चार मात्रा धरायचा आहे. लेकरांनी तो धरला आणि आवाज फुटला. सगळी सुरात होती. एकेकाला पेटीवर लावून पाहिलं, पट्टी बरोबर होती. एकत्र म्हटलं की परत बेसूर वाटायचं. तिसऱ्या दिवशी मी डोळे मिटून ओळीतून चालत गेले तेव्हा लक्षात आलं. अर्धी लेकरं ‘गंगंऽऽच्या’ म्हणत होती आणि अर्धी, मी वर्गात शिकवलेलं आठवून, ‘गंगेऽऽच्या’. ‘ए’ म्हणताना जीभ पुढं येते, वर चढते, ओठ फाकतात. ‘अ’ला जीभ मधोमध सैल पडून राहते. सूर तोच असला तरी दोन्हींचा रंग वेगळा, आणि असे दोन रंग एकाच लांब सुरावर शेजारी शेजारी आले की कानाला ते बेसूरच वाटतात. समूहगान बसवणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी याच्याशी झगडावं लागतं. व्यंजन क्षणात येतं आणि जातं, ऐकू येत राहतो तो स्वर. म्हणून वृंदात आधी स्वर एक करावा लागतो.

आता कोणता स्वर ठेवायचा हे मला ठरवायचं होतं. मी आजीला शाळेत बोलावलं आणि लेकरांसमोर परत म्हणायला लावलं. तिनं ‘गंगंच्या’ म्हटलं. मी विचारलं, गंगेच्या म्हणून चालेल का? ती म्हणाली, “आमी तर असंच म्हनतो, बाई. तुमाला पायजे तसं म्हना.” मी ‘गंगंच्या’ ठेवलं. ओवी तिच्या तोंडची होती. शिवाय तो मोकळा ‘अ’ चोवीस गळ्यांत जसा भरून आला तसा ‘ए’ येत नव्हता. पुढचे पंधरा दिवस आम्ही फक्त त्या एका अक्षरावर काम केलं. एकीनं म्हणायचं, दुसरीनं तिच्या आवाजात आपला आवाज मिसळायचा, मग तिसरी. शेवटी चोवीस जणांचा ‘गं’ एकाच्याच गळ्यातून आल्यासारखा येऊ लागला, त्या दिवशी ढोलकीवाला पोरगा वाजवायचं विसरून ऐकत बसला होता.

स्पर्धेनंतर परीक्षकांपैकी एकांनी मला जवळ बोलावून अगदी मायेनं सांगितलं, “बाई, मुलांचे आवाज छान आहेत. फक्त ‘गंगेच्या पाण्याला’ म्हणायला शिकवा.” त्यांचा हेतू चांगला होता याबद्दल मला शंका नाही. पण आम्ही पंधरा दिवस घासून जे साधलं होतं तेच त्यांच्या वहीत चूक म्हणून नोंदलं गेलं होतं.

माझं पहिलं म्हणणं हे आहे की तुम्ही तीन वेगळ्या गोष्टी एका रकान्यात कोंबल्या आहेत. सगळा वृंद एकच उच्चार करतो का, हा एक प्रश्न. शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो का, हा दुसरा. आणि तो उच्चार त्या गीताच्या भाषेला धरून आहे का, हा तिसरा. पहिले दोन गाण्याच्या कसबाचे आहेत, तिसरा गीतागणिक बदलणारा आहे. आमच्या पत्रकावर यातलं काय कमी पडलं ते कुठंच लिहिलेलं नाही. ‘ग्रामीण’ हे गावाचं वर्णन झालं. त्यावरून मी उद्याच्या तालमीत लेकरांना काय सांगू? कोणता शब्द, कोणती ओळ, एवढं जरी लिहिलं असतं तरी आम्हाला उपयोग झाला असता.

जिथं आमचं चुकलं ते मी मान्य करते. आमचं दुसरं गीत प्रमाण मराठीतलं देशभक्तीपर होतं. त्यात चारपाच जणांचा ‘देश’चा ‘देस’ झाला आणि दोन ठिकाणी ‘ण’चा ‘न’ झाला. त्याचे गुण जायलाच हवेत. ‘मन’ आणि ‘मण’ हे वेगळे शब्द आहेत. प्रमाण भाषेतलं गीत घेतलं की त्यातला ‘ण’ जीभ मागं वळवूनच म्हटला पाहिजे, आणि मी तो संथ लयीत घोटून घेते. आमच्या बोलीत ‘पानी’ आहे म्हणून कुठलंही गीत ‘पानी’नंच म्हणू, असा हट्ट मी कधी केलेला नाही. ज्या गीताची जी भाषा, ती त्याला मिळावी. तुमच्या पत्रकानं मात्र दोन्ही गीतांना एकच माप लावलं.

दुसरं म्हणणं सांगताना मला जड जातं, कारण त्यात दुसऱ्या लेकरांचा उल्लेख आहे आणि ती फार गोड गायली. बक्षीस मिळालेल्या एका गीतात ‘फूल’ हा शब्द चार वेळा आला. चारही वेळा खालचा ओठ वरच्या दातांना लागला. मराठी ‘फ’ दोन ओठांचा आहे, दात-ओठांचा ‘फ’ बाहेरच्या भाषांतून आला. त्याच गीतात ‘चांदणं’ होतं, आणि त्यातला ‘च’ ‘चहा’तल्या ‘च’सारखा ऐकू आला. मराठीत ‘च’, ‘ज’, ‘झ’ यांचे दोन-दोन उच्चार आहेत. लिहिताना फरक दिसत नाही, कानाला कळतो. ‘चार’ आणि ‘चारा’ म्हणून पाहा. आमच्या गावातलं बालवाडीतलं लेकरू हा फरक न शिकवता करतं. त्या संघाला उच्चारात १८ गुण होते आणि ते त्यांनी ठेवावेत, माझी काही हरकत नाही. मला एवढंच दाखवायचं आहे की शहराकडून आलेला बदल परीक्षकांच्या कानाला टोचला नाही, आणि नदीकाठच्या आजीचा ‘न’ टोचला.

खरं तर गाण्यात बोलीचा बराचसा भाग आपोआप गळून पडतो. बोलीचा हेल, वाक्याच्या शेवटी आवाज ओढण्याची लकब, कुठं जोर द्यायचा ती सवय, हे सगळं चाल लागली की जातं, कारण चढउतार आणि लांबी चाल ठरवते. मागं उरतो स्वरांचा रंग आणि दोनचार व्यंजनं. म्हणजे तुमच्या कानावर आमच्या बोलीतलं फार थोडं पोचलं होतं. तेवढ्यासाठी १४ गुण गेले.

प्रमाण उच्चार म्हणजे काय, हाही विचार व्हायला हवा. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे नियम आपण सगळे शिकवतो, पण ते लिहिण्याचे नियम आहेत. ‘ज्ञ’ आपण महाराष्ट्रात ‘द्न्य’ म्हणतो, हिंदी पट्ट्यात ‘ग्य’ म्हणतात. ‘कृष्ण’ आपण ‘क्रुष्ण’ म्हणतो, तिकडं ‘क्रिष्ण’. संस्कृत समूहगान स्पर्धेत आपल्या ‘क्रुष्ण’ला कोणी प्रादेशिक म्हणून गुण कापले तर आपल्याला कसं वाटेल? राष्ट्रगीताचंच घ्या. ते मूळ बंगालीतलं. बंगाली माणूस आपल्या वळणानं म्हणतो तेव्हा ‘जन’चा ‘जॉनो’ होतो आणि ‘भाग्यविधाता’चा ‘भाग्गोबिधाता’ होतो. आपण रोज सकाळी परिपाठात ते आपल्या जिभेनं म्हणतो आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

निकालानंतर मी रात्री जे मिळेल ते वाचत, ऐकत बसले. युरोपातले वृंद लॅटिन प्रार्थना गातात, आणि लॅटिन तर आज कोणाचीच घरची भाषा नाही. तरी तिथं एकाच शब्दाचे उच्चार दोन प्रकारचे. ज्याला इटालियन वळणानं ‘एक्शेल्सिस’ म्हणतात तोच शब्द जर्मन वळणानं ‘एक्स्त्सेल्सिस’ होतो. रचना कुठली, रचनाकार कुठला, हे पाहून वृंद उच्चार ठरवतात आणि मग सगळे मिळून तो पाळतात. आम्ही ओवीच्या बाबतीत अगदी हेच केलं होतं, फक्त आम्हाला ते कोणी शिकवलेलं नव्हतं.

पत्रकावर आणखी एक टीप होती, ‘शब्दांती अकार ओढतात’. हे वाचून मी थोडा वेळ गप्प बसले. बोलताना आपण ‘विठ्ठल्’ म्हणून शब्द मिटवतो. गजरात मात्र वि-ठ्ठ-ल, तीन अक्षरं पुरी म्हणावी लागतात. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं आणि चौथ्यात चार. शेवटचा ‘अ’ गिळला तर मापच मोडतं. ओवीलाही हाच श्वास आहे. आमच्या भजनी मंडळातले म्हातारे निरक्षर असतील, पण त्यांच्या तोंडून कधी अक्षर गळत नाही. हे आमच्या लेकरांना मी शिकवलेलं नाही, ते मंदिरात बसून शिकले. ज्या मुलखात नरसीचे नामदेव आणि गंगाखेडची जनाबाई झाली तिथल्या लेकरांचा हा ‘अ’ आहे. तो दोष म्हणून लिहिला जावा याचं मला वाईट वाटतं.

माझे आजोबा परभणीत उर्दू माध्यमातून शिकले. निजामाच्या राज्यात तीच शाळेची भाषा होती. १९४८ च्या १७ सप्टेंबरला हैदराबाद संस्थान भारतात आलं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. आजोबांना मराठीत अर्ज लिहिता येत नसे, पण शेकडो अभंग पाठ होते. त्या पिढीची मराठी शाळेत सांभाळली गेली नाही. ती जात्यावर, पालखीत, भजनात राहिली आणि म्हणून आमच्यापर्यंत आली. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ या संशोधकांनी गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्यात आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्याही ओव्या आहेत. बाईनं जशी म्हटली तशी त्यांनी ती जपली. तुमच्या नमुना ध्वनिमुद्रणात त्याच ओव्या ‘सुधारून’ येणार असतील, तर लोकगीत विभागात लोक कुठं राहिले?

आता ज्यामुळे हे पत्र लिहायला बसले ते सांगते. गुणपत्रक मी वर्गात वाचून दाखवलं. ते वाचायला नको होतं, ही माझी चूक. त्यानंतर आठवडाभरानं परिपाठात राज्यगीत चालू असताना माझं लक्ष त्या सातवीतल्या मुलीकडं गेलं. ओठ बरोबर हलत होते. प्रत्येक शब्दावर तोंड उघडत होतं. पण गळ्याची शीर जागची हलत नव्हती. मी मागं जाऊन उभी राहिले. आवाज येतच नव्हता. हीच पोरगी ओवीची पहिली ओळ एकटी उचलायची. मी विचारलं तर खाली मान घालून म्हणाली, “मॅडम, माज्यामुळं सगळ्यांचे गुण जायलेत.”

मला हे फार लागलं, कारण हे मी स्वतः केलेलं आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका स्पर्धेसाठी तांड्यावरच्या दोन मुलांना मी सांगितलं होतं, तुम्ही ओठ हलवा, आवाज काढू नका. त्यांच्या घरची बोली गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची, त्यांचे उच्चार वेगळे पडत होते आणि मला बक्षीस हवं होतं. बक्षीस मिळालं. त्या दोघांनी पुढं कधी गाण्यात नाव दिलं नाही. त्या वेळी मला कोणी परिपत्रक पाठवलेलं नव्हतं, तरी मी तसं वागले. उद्या ३० गुणांच्या भीतीनं मराठवाड्यातल्या किती वऱ्हांड्यांत किती लेकरांना ‘फक्त ओठ हलव’ सांगितलं जाईल, ते मला दिसतं आहे. किनवटचं, देगलूरचं, उमरग्याचं लेकरू घरात मराठीबरोबर गोरमाटी, तेलुगू, कन्नड, दखनी ऐकत वाढतं. त्याचा गळा बंद करण्याचा अधिकार मला नव्हता आणि तुम्हालाही नाही.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

१. लोकगीत विभागासाठी नमुना ध्वनिमुद्रणाची सक्ती परिपत्रकातून काढावी. संघानं गीताचा पाठ, ते कुठल्या गावाचं आणि कोणाच्या तोंडून घेतलं, हे आधी लिहून द्यावं आणि त्याच पाठाला धरून परीक्षण व्हावं.

२. ‘उच्चार’ या रकान्याचे भाग करावेत. वृंदाची एकरूपता, शब्दांची स्पष्टता आणि गीताच्या भाषेशी प्रामाणिकपणा यांचे गुण वेगवेगळे द्यावेत.

३. परीक्षकांत निदान एक जण असा असावा ज्याला मराठवाड्याची बोली आणि इथलं लोकगीत माहीत आहे. तशी माणसं आठही जिल्ह्यांत आहेत, बोलावलं तर येतील. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेनं मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण करून ते सर्वांसाठी खुलं ठेवलं आहे, परीक्षकांनी ते एकदा ऐकावं.

४. शेऱ्यात शब्द आणि ओळ लिहावी. ‘ग्रामीण’, ‘गावठी’ असले शब्द लेकरांच्या गुणपत्रकावर नकोत.

आमचे गेलेले गुण मी परत मागत नाही. निकाल लागला, बक्षिसं वाटली गेली, ज्यांना मिळाली त्यांनी मेहनत केली होती.

आजीला मी सगळं सांगितलं नाही. तिनं विचारलं, नंबर आला का, मी नाही म्हटलं. मग तिनं आणखी तीन ओव्या सांगितल्या, त्या वहीत उतरवून ठेवल्या आहेत. नातीला अजून पहिली ओळ एकटीनं उचलायला धीर होत नाही. रोज शाळा सुटल्यावर ती माझ्याजवळ बसते आणि आम्ही दोघी मिळून ‘गंगंऽऽच्या’ म्हणतो. परवा तिचा आवाज थोडा आला.

पुढच्या वर्षीचा प्रवेशअर्ज या पत्रासोबत जोडला आहे. विभाग लोकगीत, संख्या २४, पाठ सोबतच्या कागदावर, आजीनं म्हटला तसा.

आपली,
मराठीची एक शिक्षिका
गोदाकाठ, जि. परभणी